पेटीवर न छापलेले नाव

यूएसबी नेटवर्क अ‍ॅडॅप्टर, ज्याला आपल्याकडची दुकाने सरसकट 'डोंगल' म्हणतात, ही संगणकाच्या बाजारातील अगदी क्षुल्लक वस्तू आहे. अंगठ्याएवढी, काही शे रुपयांची, हरवली तरी फारशी हळहळ न वाटणारी. तिच्याविषयी गंभीरपणे लिहावे असे वरकरणी तिच्यात काहीच नाही. तरीही आम्ही लिहीत आहोत, कारण ही वस्तू चालेनाशी झाली, किंवा मुळात चाललीच नाही, की तिच्या निमित्ताने वाचनाविषयीचा एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे: युनिक्सच्या कुळातील संगणकप्रणालीवर डोंगलचा दोष शोधणे ही मुख्यतः वाचनाची कृती आहे. ती जिथे अडते तिथे बहुतेक वेळा वाचक कमी पडलेला नसतो, मजकूर लपवलेला असतो. आणि हा मजकूर छापून मिळावा, अशी मागणी ग्राहकाने केली पाहिजे.

युनिक्सचे कूळ म्हणजे काय, हे आधी सांगून टाकू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. त्या घराण्याची एक शाखा बर्कली विद्यापीठात वाढली. नेटबीएसडी, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या प्रणाली तिच्या वारसदार. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेले लिनक्स रक्ताच्या नात्याचे नसले तरी संस्काराने याच घरातले. येथे आम्ही प्रामुख्याने ओपनबीएसडीचे उदाहरण घेणार आहोत. थिओ दि राट याने १९९५ साली नेटबीएसडीपासून वेगळी चूल मांडून ती सुरू केली. ती फार लोक वापरतात म्हणून आम्ही तिची निवड केलेली नाही. तिच्यात यंत्राचे बोलणे स्वच्छ ऐकू येते, म्हणून केली आहे.

डोंगल खाचेत सरकवल्यावर काय घडते? यंत्र त्याला पहिला प्रश्न विचारते तो ओळखीचा: तू कोण? उत्तरादाखल डोंगल दोन आकडे सांगते. पहिला उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. दोन्ही सोळा बिटांचे, म्हणजे प्रत्येकी ६५,५३६ शक्यतांपैकी एक. उत्पादकाचा आकडा यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम ही संस्था नेमून देते. आता यातली गंमत पाहा. पेटीवर ज्या कंपनीचे नाव ठळक छापलेले असते, तिचाच हा आकडा असेल असे नाही. पुष्कळदा तो आतली चिप बनवणाऱ्या कंपनीचा असतो, आणि त्यासोबत येणारे नावही 'वायरलेस लॅन अ‍ॅडॅप्टर' अशा धर्तीचे, कोणत्याही वस्तूला चालेल असे असते. दुकानातले नाव एक आणि यंत्राला सांगितलेले नाव दुसरे. प्रणालीला पेटीवरच्या नावाशी काहीही कर्तव्य नसते. तिला चिपचे नाव हवे असते, कारण ड्रायव्हर लिहिला जातो तो चिपसाठी.

यानंतरचा दोषशोध म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी केलेले वाचन. ओपनबीएसडीवर 'डीमेसेज' ही आज्ञा दिली की कर्नेलने केलेल्या नोंदी पडद्यावर येतात. डोंगल लावूनही तिथे एकही नवी ओळ उमटली नसेल, तर प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच असे बहुतेक धरून चालावे. खाच, केबल, वीजपुरवठा किंवा प्रत्यक्ष डोंगल यांपैकी काहीतरी बिघडले आहे. ओळ उमटली, पण तिच्यात 'यूजेन' हा शब्द असेल, तर अर्थ निराळा. यूजेन हा कोणालाही आसरा देणारा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. पाहुणा दारात आल्याचे यंत्राने पाहिले, पण त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे हे घरात कुणालाच ठाऊक नाही, एवढाच त्या शब्दाचा आशय. योग्य ड्रायव्हर जोडला गेला, म्हणजे अथेरॉसच्या चिपसाठी 'एटीएचएन' किंवा रिअलटेकच्या तारेच्या अ‍ॅडॅप्टरसाठी 'यूआरई' असे नाव दिसले, की तिसरी पायरी: फर्मवेअर. ते चढवता आले नाही आणि शेवटी 'त्रुटी २' असे आले, तर घाबरण्याचे कारण नाही. युनिक्सच्या कुळात त्रुटी क्रमांक २ म्हणजे 'अशी फाइल नाही', इतकेच. फर्मवेअरही चढले, तर 'आयएफकॉन्फिग'ची स्थितीदर्शक ओळ वाचावी. बिनतारी जोडणीत तिथे 'नो नेटवर्क' असेल तर परवलीचा शब्द, वाहिनी किंवा अंतर तपासावे. तारेच्या जोडणीत 'नो कॅरियर' असेल तर तार तपासावी. स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह' आहे पण पत्ता मिळालेला नाही, ही पुढची पायरी. पत्ता आहे पण नावांचे पत्त्यांत रूपांतर होत नाही, ही त्याच्याही पुढची.

वाचकहो, या सहा पायऱ्यांत कोठेही जादू नाही. प्रत्येक पायरीवर यंत्र एक वाक्य बोलते आणि त्या वाक्याला एकच अर्थ असतो. 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' हे आजच्या पडद्यांवरील लाडके वाक्य येथे आढळत नाही. 'काहीतरी' हा शब्द माणसाला असहाय करतो. 'त्रुटी २' हा शब्द त्याला कामाला लावतो. या दोन शब्दांमधला फरक आम्हांला भाषेच्या नीतीचा फरक वाटतो.

या वाचनाला साहाय्य करणारा जो वाङ्मयप्रकार आहे, त्याची दखल आपल्या समीक्षेने कधी घेतलेली आमच्या पाहण्यात नाही. तो म्हणजे 'मॅन पान'. युनिक्सच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची. प्रत्येक आज्ञेला एक स्वतंत्र पान आणि त्या पानाची ठरलेली चौकट: नाव, वापराची रीत, वर्णन, संबंधित फाइली, आणखी कोठे पाहावे, आणि 'बग्ज', म्हणजे दोष. हे शेवटचे शीर्षक आमच्या मते विलक्षण आहे. वस्तू करणाऱ्यानेच वस्तूच्या वर्णनात तिच्या उणिवांसाठी जागा राखून ठेवली. पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी ही चौकट टिकून आहे. ओपनबीएसडीत प्रत्येक ड्रायव्हरला असे पान असते. त्यात तो कोणकोणत्या चिपांवर चालतो, कोणते फर्मवेअर मागतो, कोणती तक्रार नोंदवतो आणि तिचा अर्थ काय, हे दिलेले असते. पानातली चूक ही प्रणालीतलीच चूक मानून दुरुस्त करण्याचा त्या मंडळींचा शिरस्ता आहे. आता या पानाशेजारी डोंगलच्या पेटीतला घडीचा कागद ठेवून पाहा. त्यावर बाणांची चित्रे आहेत, अभिनंदन आहे, वेगाचे मोठमोठे आकडे आहेत. उणिवांचे शीर्षक तेवढे नाही.

येथे आपल्याच परंपरेतील एका विचाराची आठवण होते. आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. मराठीत आज 'निदान' म्हणजे रोग ओळखणे, पण शास्त्रात तो शब्द कारणासाठी येतो. माधवाचा 'माधवनिदान' हा ग्रंथ तर केवळ रोग ओळखण्यासाठी वाहिलेला आहे. उपचार सांगणे त्याने आपले काम मानले नाही. ओळख आणि उपचार ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले नीट झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, हे भान त्यामागे आहे. पाचांतले 'उपशय' हे साधन आमच्या विषयाला फार जवळचे. लक्षणांवरून रोग कळत नसेल तर आहार, औषध वा विहार यांत बदल करून पाहावा आणि कशाने आराम पडतो त्यावरून रोग ताडावा. डोंगल दुसऱ्या खाचेत लावून पाहणे हा शुद्ध उपशय होय. मात्र उपशयाची अट अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बदल एकदम करून गुण आला, तर रोग गेला खरा, पण ज्ञान काहीच झाले नाही.

एक उदाहरण देतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारे बिनतारी डोंगल पुष्कळदा यूएसबी ३च्या निळ्या खाचेत लावले की मंदावते किंवा सारखे तुटते, आणि हातभर लांबीच्या जोडतारेने जरा दूर ठेवले की सुधारते. ड्रायव्हर तोच, फर्मवेअर तेच, अंतर तेवढे बदलले. कारण असे की यूएसबी ३च्या वेगवान संदेशवहनातून त्याच पट्ट्यात विद्युतगोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ साली एका तांत्रिक टिपणात हे मोजून दाखवले आहे. दुसरे उदाहरण विजेचे. यूएसबी २च्या खाचेतून ठरावानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३च्या खाचेतून ९००. डोंगल, बाहेरची हार्ड डिस्क आणि आणखी दोन वस्तू एकाच बिनविजेच्या हबवर लटकवल्या तर डोंगल मधूनच नाहीसे होऊन पुन्हा प्रकट होते, आणि नोंदींत 'सुटले', 'जोडले' अशी माळ लागते. ही माळ वाचणाऱ्याला ड्रायव्हर पुन्हा बसवण्याची बुद्धी होणार नाही. न वाचणारा मात्र कोठून तरी मिळालेल्या दहा आज्ञा सर्वाधिकारी वापरकर्ता बनून एकामागून एक चालवतो. अनोळखी माणसाने लिहिलेला ड्रायव्हर सर्वाधिकार देऊन यंत्रात उतरवणे म्हणजे घराच्या किल्ल्या वाटसरूच्या हाती ठेवणे होय. मुक्त प्रणालींच्या गोटातही ही संस्कृती फोफावली आहे, आणि 'आधी पुस्तिका वाचा' असे नवख्याच्या अंगावर खेकसणारी तिची दुसरी बाजूही तितकीच निंद्य आहे. वाचायला शिकवले नाही आणि वाचत नाही म्हणून झिडकारले, असा तो दुहेरी अन्याय.

परंतु वाचनाला एक मर्यादा आहे. मजकूरच खोटे बोलू लागला तर? काही डोंगले जोडल्याबरोबर आपण नेटवर्कची वस्तू असल्याचे सांगतच नाहीत. ती सीडी असल्याची बतावणी करतात. त्या काल्पनिक सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असतो. तो बसला की तोच डोंगलला रूप बदलण्याची खूण करतो. थ्रीजीच्या काळात घरोघरी आलेली डेटाकार्डे अशीच वागत. आता रिअलटेकच्या चिपांवरची अनेक बिनतारी डोंगले वागतात. लिनक्सवर 'यूएसबी-मोडस्विच' नावाची उपयुक्तता केवळ हे सोंग उतरवण्यासाठी लिहावी लागली. ग्राहकाची सोय म्हणून काढलेली ही युक्ती, पण सोय एकाच प्रणालीच्या ग्राहकाची. बाकीच्यांना वस्तूने स्वतःविषयी दिलेली पहिली जबानीच खोटी ठरते.

दुसरा प्रकार याहून साधा आणि म्हणूनच अधिक त्रासदायक. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे डोंगल लिनक्स वापरणाऱ्यांत नावाजलेले होते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. पुढच्या आवृत्तीत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. विक्रीचे नाव तेच राहिले. फरक सांगायला बारीक अक्षरातला आवृत्तिक्रमांक. यंत्राच्या दृष्टीने ही दोन पूर्णपणे वेगळी माणसे आहेत: ड्रायव्हर वेगळा, फर्मवेअर वेगळे, गुणदोष वेगळे. पहिल्या चिपची आणखी एक विशेषता अशी की तिच्या फर्मवेअरचा मूळ मजकूर २०१३ साली खुला करण्यात आला. म्हणजे कर्नेलच्या ड्रायव्हरपासून डोंगलच्या पोटातल्या प्रोग्रामपर्यंत सगळे कोणालाही वाचता येऊ लागले. नावाच्या भरवशावर दुसरी आवृत्ती घेणाऱ्याच्या हाती मात्र ते पडले नाही. कादंबरीची नवी आवृत्ती काढताना लेखक बदलला आणि मुखपृष्ठ तेच ठेवले, तर आपण प्रकाशकाला काय म्हणू?

फर्मवेअरचा उल्लेख आला आहे तर त्यावरील जुन्या वादाविषयीही दोन शब्द. ओपनबीएसडीने बंदिस्त ड्रायव्हरांना, म्हणजे ज्यांचा मूळ मजकूर मिळत नाही अशा 'ब्लॉब'ना, कर्नेलमध्ये कधीच थारा दिला नाही. २००६ सालच्या ३.९ आवृत्तीचा विषयच तो होता. डोंगलवर चढणाऱ्या फर्मवेअरबाबत मात्र ती अशी आडमुठी नाही. 'एफडब्ल्यू-अपडेट' ही आज्ञा हवे ते फर्मवेअर आणून देते. पण आणायचे कोठून? नेटवर्कवरून. आणि नेटवर्क सुरू व्हायचे कशाने? त्याच फर्मवेअरने. किल्ली कुलपाच्या आत राहिली आहे. मग दुसऱ्या यंत्रावर फाइल उतरवून पेनड्राइव्हने आणणे किंवा तात्पुरते तारेने जोडणे, हा मार्ग उरतो. डेबियनमध्येही हाच पेच वर्षानुवर्षे होता. तत्त्वनिष्ठांचे म्हणणे, बंदिस्त फर्मवेअर अधिकृत स्थापनाचकतीत नको. व्यवहारवाद्यांचे म्हणणे, मग नवख्याचे यंत्र पहिल्याच दिवशी मुके राहते. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून ते चकतीत घेण्याचा निर्णय केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत तो अमलात आला. आम्हांला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याला दारातच अडवले त्याला घराचे तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. मात्र तडजोड केली हे लपवू नये. आणि डेबियनने कोणते फर्मवेअर घेतले जात आहे हे सांगण्याची व ते टाळण्याची सोय ठेवली, यातच त्या निर्णयाची प्रतिष्ठा आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी संध्याकाळ कशाला घालवायची? दुसरे डोंगल आणावे, नाहीतर सर्वांसारखी प्रणाली वापरावी. आक्षेप हिशेबापुरता बरोबर आहे आणि ज्याच्या कामाचा खोळंबा होत आहे त्याने खुशाल दुसरे आणावे. पण दुसरे आणताना तो कशावरून निवडणार? पेटीवर चिपचे नाव नसेल तर दुसरी खरेदी ही पहिल्यासारखीच सोडत. पैसा वाचवण्याचा मार्गसुद्धा शेवटी त्या न छापलेल्या नावापाशीच येऊन थांबतो. शिवाय टाकून दिलेले, खरे तर धडधाकट असलेले, डोंगल कचऱ्यात जाते ते वेगळेच.

ते नाव आज कसे शोधावे लागते, हे सांगण्यासारखे आहे. पुष्कळ डोंगलांच्या पाठीवर अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचा, म्हणजे एफसीसीचा, क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून आयोगाच्या सार्वजनिक दप्तरात वस्तूची आतली छायाचित्रे बहुधा सापडतात आणि चिपवरची अक्षरे त्यांत वाचता येतात. म्हणजे पुण्याच्या किंवा नागपूरच्या दुकानात घेतलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे, हे कळायला वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तराचा आधार! आपल्याकडे २०११च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार पेटीवर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, संख्या, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी असते. डोंगलचा एकमेव महत्त्वाचा घटक मात्र अनामिक राहू शकतो. दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही उघडले. शेतीची यंत्रे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातली क्षेत्रे. सुटे भाग आणि सेवाकेंद्रे यांची चर्चा तेथे आहे, ती हवीच. आमची पुस्ती एवढीच की दुरुस्तीच्या हक्काचा पहिला हप्ता हा वाचनाचा हक्क आहे.

म्हणून आमची मागणी लहान आहे. नेटवर्कच्या प्रत्येक अ‍ॅडॅप्टरच्या पेटीवर चिपचे नाव आणि आवृत्ती, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापावी. चिप बदलली तर विक्रीचे नाव बदलावे. यात कोणाचे व्यापारी गुपित फुटत नाही. प्रतिस्पर्धी तर वस्तू उघडून तिसऱ्याच मिनिटाला चिप पाहू शकतो. प्रक्षेपणाच्या मर्यादा कोणी मोडील म्हणून फर्मवेअर बंद ठेवावे लागते, ही उत्पादकांची नेहमीची सबबही येथे लागू पडत नाही, कारण आम्ही फर्मवेअर मागत नाही, नाव मागतो. जे नाव डोंगल खाचेत शिरताच यंत्राला सांगते, तेच पैसे देण्यापूर्वी माणसाला सांगावे. कायदा होईपर्यंत वाचकांनी एवढे करावे: दुकानदाराला चिप विचारावी, तो हसला तरी विचारावी, आपल्या प्रणालीच्या मॅन पानातील यादी आधी वाचून मगच घ्यावी, आणि घेतलेले डोंगल चालले तर त्याचे विक्रीचे नाव, आवृत्ती आणि चिप या तीन गोष्टी कोठेतरी लिहून ठेवाव्यात. पुढच्या माणसाला त्या लागतील.